तेच गायक, तीच गाणी, मग १९५६ आणि १९५९ वेगळं का वाटतं?

'ती फुलराणी' ज्यांनी पाहिलीय त्यांना गोष्ट सांगायला नको. बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' पुलंनी १९७५ ला मराठीत आणलं, पण त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी ब्रॉडवेवर त्याचं म्युझिकल झालं होतं, 'माय फेअर लेडी'. पहिला प्रयोग १५ मार्च १९५६, न्यूयॉर्क. फुलं विकणारी एलायझा म्हणजे ज्युली अँड्र्यूज, तेव्हा फक्त वीस वर्षांची, तिला शुद्ध बोलायला शिकवणारा प्रोफेसर हिगिन्स म्हणजे रेक्स हॅरिसन, आणि एलायझाच्या दारुड्या बापाच्या कामात स्टॅन्ली हॉलोवे. तेव्हापासून हे नाटक पुन्हा पुन्हा उभं राहतंय, १९७६ ला ब्रॉडवेवर, २००१ ला लंडनला, २०१८ ला न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला, आणि या तिन्ही वेळी त्या त्या संचाची रेकॉर्ड निघाली. आणि दरवेळी जुने चाहते म्हणतात की पहिल्याची सर नाही.

मीही हेच म्हणायचे. मग एकदा सहज डोक्यात आलं की या नाटकाच्या बाबतीत हे चक्क तपासता येतं. कारण मूळ १९५६ ची रेकॉर्ड मोनो होती, म्हणजे सगळा आवाज एकाच चॅनेलमध्ये, पुढे १९५८ च्या सुमारास डावा-उजवा आवाज वेगळा ठेवणाऱ्या स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि कोलंबिया कंपनीने १९५९ ला लंडनच्या संचाकडून सगळी गाणी परत गाऊन घेतली, आता स्टिरिओत. लंडनला मुख्य तिघे तेच! गाणी तीच, वाद्यरचना तीच. म्हणजे इतर रिव्हायव्हलमध्ये जी सबब असते ना, की बाई गायला कमी पडल्या, ती इथे चालतच नाही.

आणि तरी दोन्ही लागोपाठ लावल्या की फरक कळतो. १९५६ मध्ये अँड्र्यूजचा आवाज अगदी समोर येऊन उभा राहतो, धारदार, घाई असल्यासारखा. १९५९ मध्ये सगळं पसरलेलं, निवांत, थोडं लांबचं. मग बदललं काय?

एक म्हणजे खोली. १९५६ ची रेकॉर्ड नाटक उघडल्यावर दहाव्या दिवशी, रविवारी, ३० व्या स्ट्रीटवरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत झाली. हा स्टुडिओ म्हणजे एक जुनं चर्च. पियानोवादक ग्लेन गूल्डने १९५५ ला बाख वाजवला तो इथेच, जॅझवाल्या माइल्स डेव्हिसने १९५९ ला ट्रम्पेट वाजवला तोही इथेच. चर्चचं छत उंच, आणि ही साधी वाटणारी गोष्ट कानाला फार मोठी असते. समजा छत माइकपासून १५ मीटर वर आहे, तर आवाज वर जाऊन परत यायला ३० मीटर, म्हणजे साधारण ८७ मिलिसेकंद. आपल्या बेडरूममध्ये हेच परतलेले आवाज १० ते १५ मिलिसेकंदात येतात, इतक्या लवकर की कान ते मूळ आवाजातच मिसळून टाकतो आणि सगळं कोंदट वाटतं. उशिरा आलेला आवाज मात्र 'जागा' म्हणून ऐकू येतो, शब्द आधी स्वच्छ पोचतो आणि मागून घुमारा येतो. देवळाच्या सभामंडपात भजन आणि फ्लॅटच्या हॉलमध्ये तेच भजन, तोच प्रकार. लंडनची खोली वेगळी, मग तिथला घुमाराही वेगळा.

दुसरं म्हणजे मोनो-स्टिरिओ, आणि इथेच खरी गंमत आहे.

तबकडीची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. मोनो तबकडीत सुई फक्त डावी-उजवी हलते. स्टिरिओत खाचेच्या एका भिंतीवर डावा चॅनेल कोरलेला, दुसऱ्या भिंतीवर उजवा, दोन्ही भिंती ४५ अंशात तिरक्या. म्हणजे दोन्हीकडे जे सारखं आहे ते सुईला आडवं हलवतं आणि जे वेगळं आहे ते वरखाली. एकच सुई दोन बाजूंची कथा एकाच वेळी सांगते, मला हे आजही अचाट वाटतं.

आता कानाचं बघा. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो, जास्तीत जास्त पाऊण मिलिसेकंदापेक्षाही कमी, आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. लग्नाच्या हॉलमध्ये पन्नास जण एकदम बोलत असताना आपण एकाचंच बोलणं पकडतो त्यात या दिशेचा मोठा वाटा असतो, कॉलिन चेरी नावाच्या इंग्रज माणसाने १९५३ ला हे नीट मांडलं आणि 'कॉकटेल पार्टी' हे नाव पुढे त्याला कायमचं चिकटलं. मोनोत ही सोय नाही. व्हायोलिन, ट्रम्पेट, गायिका सगळे एकाच बिंदूतून येतात, लोकल सुटताना दाराशी होते तशी गर्दी. मग मिक्स करणाऱ्याच्या हातात उरतं काय, तर एकाला मोठं करणं आणि दुसऱ्याला बारीक करणं. साहजिकच गायिका पुढे येते, ऑर्केस्ट्रा तिच्या मागे दबतो. स्टिरिओत व्हायोलिन डावीकडे सरकवता येतात, मध्ये जागा मोकळी होते, तिथे गायिकेला तितकं पुढे ढकलायची गरज नाही. म्हणजे आपण ज्याला '१९५६ चा जोश' म्हणतो त्यातला काही भाग हा निव्वळ मोनोचा नाइलाज आहे!

खरं वाटत नसेल तर घरी करून बघा. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असं एक बटण असतं, ते ऑन करायचं आणि १९५९ ची रेकॉर्ड लावायची. मी केलं, आणि अर्धं अंतर तिथेच मिटलं. उरलेलं अर्धं मात्र खरं आहे. १९५९ पर्यंत हे लोक जवळजवळ तीन वर्षं तेच गात होते, आधी न्यूयॉर्कला मग लंडनला, आणि ते कळतं. हॅरिसन तर मुळात गायचाच नाही, तो तालावर बोलायचा. बोलताना स्वर सारखा घसरत असतो, गाताना तो एका जागी थांबतो आणि लांबतो, हॅरिसन या दोघांच्या मधल्या बांधावर चालायचा. १९५६ मध्ये तो बांध त्याला अजून नवा आहे, थोडा घाबरत चालतो आणि म्हणून छान वाटतो. १९५९ मध्ये त्याला माहीत आहे की लोक कुठे हसणार आहेत. हे माझं मत, यात विज्ञान नाही.

पण मग मला शंका आली की मला १९५६ आवडते ती मी ती आधी ऐकली म्हणून तर नाही? रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ ला दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडायला लागते. शिवाय डायना डॉइच यांनी दाखवलेला एक मजेदार भ्रम आहे, बोललेलं एखादं वाक्य तसंच्या तसं पुन्हा पुन्हा ऐकवलं की काही वेळाने ते गाण्यासारखं ऐकू यायला लागतं, ध्वनीत काडीचाही बदल न करता. हॅरिसनच्या बाबतीत तर हे अगदी लागू पडावं. शंभरदा ऐकलेल्या रेकॉर्डमध्ये तो मला 'गाताना' ऐकू येतो, नवीनमध्ये नुसता बोलताना!

म्हणून नवऱ्याला बसवलं. त्याला या नाटकातलं एकही गाणं पाठ नाही, म्हणजे कोरा कान. एकच गाणं, दोन रेकॉर्डा, कुठली कुठली ते सांगायचं नाही, फक्त आवडली कुठली ते विचारायचं. पहिल्यांदा त्याने १९५६ निवडली, मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं की ती जरा मोठ्याने वाजत होती. आवाज उलटा केला, १९५९ किंचित मोठी, तर यानं बेधडक १९५९ निवडली आणि वर म्हणाला, "हिच्यात जीव आहे."

यात त्याचा दोष नाही. कान सगळ्या पट्ट्या सारख्या ऐकत नाही, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ ला मोजून दाखवलं की आवाज बारीक असला की खर्जातले आणि अगदी वरचे सूर जास्त हरवतात. आवाज थोडा वाढवला की बेस परत येतो, झांजा चमकतात, आणि आपल्याला वाटतं रेकॉर्डिंगच चांगलं आहे. एखाद्या डेसिबलचा फरक 'मोठं' असा कळतच नाही, तो 'छान' असा कळतो. त्यात जुन्या रेकॉर्डा दर थोड्या वर्षांनी रीमास्टर होतात, म्हणजे मूळ टेपवरून आवाज नव्याने साफसूफ करून पुन्हा काढतात, आणि प्रत्येक वेळी आवाजाची पातळी बदलते, म्हणजे तुम्ही आणि मी '१९५६' म्हणून भांडतोय ती तरी एकच आहे का, देव जाणे.

२०१८ च्या संचाबद्दल मी थोडं वाईट बोलत आलेय, त्याची आता लाज वाटते. त्यातली एलायझा लॉरेन अ‍ॅम्ब्रोज पडद्यावर नाव झालेली नटी, ऑर्केस्ट्रात तब्बल २९ वादक, आणि हल्लीच्या ब्रॉडवेच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक नटाच्या अंगावर माइक. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची गरजच संपली की गळा वेगळा लागतो, कुजबुज चालते, श्वास ऐकू येतो. आपल्याकडे नाट्यगीतं माइकआधी कशी गायली जायची आणि आता कशी गातात, तोच फरक. अँड्र्यूजशी तुलना करून तिला नापास करणं म्हणजे टेस्टवाल्याला ट्वेंटी-ट्वेंटीच्या स्ट्राइक रेटने मोजणं.

नाटकाचा शेवट आठवतोय? एलायझा निघून गेलीय, हिगिन्स एकटाच अभ्यासिकेत बसून मशीनवर तिचा पहिल्या दिवशीचा गावठी आवाज ऐकतोय. ती मागून येते, मशीन बंद करते आणि रेकॉर्डमधलं पुढचं वाक्य त्याच जुन्या उच्चारात स्वतः म्हणते. हिगिन्स वळूनही बघत नाही. २०१८ वाल्यांनी हा शेवट बदलला, तिथे एलायझा येते खरी पण शेवटी त्याला सोडून चालती होते. हे रेकॉर्ड ऐकून कळत नाही, त्यासाठी थिएटरमध्येच जायला हवं होतं.