ब्रूटस दोन होते

रोमचा सत्ताधीश सीझर याच्या घरी जाऊन, त्याचा हात धरून त्याला मरायला बाहेर घेऊन आलेला ब्रूटस वेगळा, आणि ज्याच्याकडे बघून तो "तूसुद्धा?" म्हणाला असं आपण सगळे धरून चालतो तो ब्रूटस वेगळा. शेक्सपिअरचं ज्युलियस सीझर वाचताना किंवा बघताना हे लक्षातच येत नाही, कारण नाटकात पहिल्याचं नाव डेसियस झालंय आणि तो मधेच येऊन जातो. खरं नाव डेसिमस जुनियस ब्रूटस.

आता हा डेसिमस कोण, तर सीझरचा घरचा माणूस. गॉलच्या (साधारण आजचा फ्रान्स) मोहिमेत इ.स.पू. ५६ मध्ये तिथल्या किनाऱ्यावरच्या व्हेनेटी लोकांविरुद्ध आरमार यानेच चालवलं, पुढे सीझर आणि पाँपी या दोन सेनापतींमध्ये यादवी सुरू झाल्यावर मसिलियाच्या (आजचं मार्सेय) वेढ्यातही समुद्राची बाजू याच्याकडेच, आणि सीझरने मृत्युपत्रात पहिले वारस नाही राहिले तर पुढचा वारस म्हणून याचं नाव घातलेलं. १४ मार्चच्या रात्री, म्हणजे खुनाच्या आदल्या रात्री, सीझरचा साथीदार लेपिडसकडे जेवणाला सीझरबरोबर हाही होता. तिथे गप्पांत विषय निघाला की मरण कसं यावं, सीझर म्हणाला अचानक यावं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला वाईट स्वप्न पडलं म्हणून सीझर सिनेटला जायचं रद्द करत होता तेव्हा हाच घरी पोचला, बायकांच्या स्वप्नांवर तुम्ही सभा रद्द करणार का, लोक काय म्हणतील, असं काहीबाही बोलून त्याला घेऊन निघाला. सिनेट भरणार होतं त्याच्या जवळच्याच थिएटरमध्ये त्याने स्वतःचे ग्लॅडिएटर तयार ठेवले होते, गडबड झालीच तर असावेत म्हणून. खाल्ल्या मिठाला न जागणं म्हणतात ते हे, अगदी शंभर टक्के.

मग जगाने लक्षात ठेवला तो दुसरा, मार्कस ब्रूटस. का? तर त्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि नाटकाला गुंता लागतो.

मार्कसच्या बापाला इ.स.पू. ७७ मध्ये पाँपीने मारलं. तरी यादवीत हा पाँपीच्याच बाजूने गेला, कारण मामा केटो तिकडे आणि प्रजासत्ताक तिकडे. इ.स.पू. ४८ मध्ये फार्सालसला पाँपी हरला, सीझरने याला माफ केलं. नुसतं माफ नाही, पुढे उत्तर इटलीतल्या गॉल प्रांताचा कारभार दिला, इ.स.पू. ४४ मध्ये रोमचा मुख्य प्रेटर (न्यायाधिकारी) केला. (याची आई सर्व्हिलिया सीझरची जुनी प्रेयसी, त्यामुळे हा सीझरचाच मुलगा अशी कुजबुज होती, पण ब्रूटस जन्मला तेव्हा सीझर जेमतेम १५ वर्षांचा, सोडा.) इकडे केटोने मात्र सीझरची दया नको म्हणून इ.स.पू. ४६ मध्ये युटिकाला स्वतःचं पोट फाडून घेतलं. भाच्याने माफी घेतली, मामाने मरण घेतलं, आणि नंतर भाच्याने त्याच मामाच्या मुलीशी, पोर्शियाशी, लग्न केलं. घरात रोज हा हिशोब समोर असणार ना.

सीझरची ही माफी आपल्याला मोठ्या मनाची वाटते, पण रोमन उमरावाला ती टोचायची, कारण माफ कोण करतो, तर जो वर असतो तो. बरोबरीच्या माणसाने तुला जीवदान दिलं म्हणजे तू आयुष्यभर त्याचा मिंधा. मारेकऱ्यांमध्ये अशी माफी मिळालेली बरीच मंडळी होती, कटाचा दुसरा म्होरक्या कॅशियससुद्धा त्यातलाच. आणि त्यात फेब्रुवारी ४४ मध्ये सीझर कायमचा डिक्टेटर झाला, त्याच महिन्यात लुपरकेलियाच्या सणाला सीझरचा उजवा हात अँटनीने भर गर्दीत त्याच्यापुढे राजमुकुट धरला. सीझरने नाकारला, पण लोकांनी काय समजायचं ते समजलं.

मार्कसवर आडनावाचंही ओझं होतं. लुसियस ब्रूटस नावाच्या पूर्वजाने इ.स.पू. ५०९ मध्ये शेवटच्या राजाला हाकललं अशी घराण्याची कथा, आणि तरुण मार्कसने तो पूर्वज नाण्यावरसुद्धा छापला होता. त्या पूर्वजाच्या पुतळ्यावर लोक लिहायला लागले की तू आज हवा होतास, मार्कसच्या खुर्चीजवळ चिठ्ठ्या पडायला लागल्या, "ब्रूटस, झोपलास का?" ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहिलेल्या चरित्रात हे लोकांनी केलेलं आहे, नाटकात मात्र हे सगळं कॅशियस हस्ताक्षर बदलून करतो. एवढ्याशा बदलाने केवढा फरक पडतो बघा, जनतेच्या हाकेला ओ देणारा माणूस एकदम फसवला गेलेला माणूस होतो.

नाटकातला ब्रूटस कॅशियसला लाचखोरीवरून झापतो, मला वाईट मार्गाने पैसा उभा करता येत नाही म्हणतो. खऱ्या ब्रूटसने सायप्रसमधल्या सलामिस शहराला दलालांमार्फत ४८ टक्के व्याजाने कर्ज दिलं होतं, आणि वसुलीसाठी त्याच्या माणसाने घोडेस्वार लावून तिथल्या नगरसभेला कोंडून ठेवलं, त्यात ५ सभासद उपाशी मेले. हे त्या काळचा रोमन पुढारी सिसेरो याच्या पत्रांमध्ये आहे. नाटकात याचा मागमूस नाही.

१५ मार्चला सिनेट भरलं ते पाँपीने बांधलेल्या सभागृहात, सीझर पडला तोही पाँपीच्याच पुतळ्याच्या पायाशी. कटात ६० च्या वर लोक होते, जखमा २३, त्यातली एकच जीवघेणी होती असं वैद्याने सांगितलं, म्हणजे बाकीचे बहुतेक हात थरथरत मारत होते. आणि ते फेमस वाक्य? प्लुटार्क म्हणतो ब्रूटसला बघून त्याने टोगा (अंगावरचं रोमन वस्त्र) डोक्यावर ओढून घेतला, बस. रोमन चरित्रकार सुएटोनियस म्हणतो तो काहीच बोलला नाही, पण काही लोक सांगतात की ग्रीकमध्ये "तूसुद्धा, पोरा?" म्हणाला. लॅटिन "एत तू, ब्रूते" कुठल्याच प्राचीन लेखकात नाही, ते इंग्रजी रंगभूमीचं, शेक्सपिअरच्या या नाटकाआधीच छापलं गेलेलं.

मारेकऱ्यांना मात्र काडीची लाज नव्हती. आपल्याकडे खंजीर हा शब्द राजकारणात शिवीसारखा येतो, ब्रूटसने दोन खंजीर आणि मधे मुक्त झालेल्या गुलामाची टोपी असं नाणं पाडलं, खाली तारीख, १५ मार्च.

शेक्सपिअरपर्यंत हे आलं ते प्लुटार्कमार्फत. मूळ ग्रीक, १५५९ मध्ये आम्योने फ्रेंचमध्ये आणलं, १५७९ मध्ये नॉर्थने फ्रेंचवरून इंग्रजीत, आणि या अनुवादांच्या वाटेत डेसिमसचा डेसियस झाला. प्लुटार्कने मार्कसचं स्वतंत्र चरित्र लिहिलं, डेसिमसचं नाही, म्हणून नाटकाचा कल आपोआप मार्कसकडे गेला. १५९९ च्या २१ सप्टेंबरला एका स्विस प्रवाशाने, थॉमस प्लॅटरने, लंडनमध्ये गवती छपराच्या थिएटरात सीझरवरचं नाटक पाहिलं, साधारण १५ नट होते आणि शेवटी नाच झाला असं त्याने लिहून ठेवलंय. राणी एलिझाबेथ तेव्हा ६६ वर्षांची, मूलबाळ नाही, पुढे कोण हे मोठ्याने विचारायची सोय नाही, इंग्लंडचा इतिहास छापायला तर त्याच वर्षी वरून परवानगी सक्तीची झालेली. रोममधल्या डिक्टेटरबद्दल बोललं तर निदान रोमचं चाललंय म्हणता यायचं.

सीझरच्या प्रेतापुढच्या अँटनीच्या भाषणातले शब्द शेक्सपिअरचे. इतिहासात मधे दोन दिवसांनी सिनेटने मारेकऱ्यांना अभयसुद्धा दिलं, अंत्ययात्रा नंतर निघाली, तिथे अँटनीने रक्ताळलेला टोगा दाखवल्यावर लोक भडकले. नाटकात हे सगळं एका दुपारी उरकतं. त्याच गोंधळात सिन्ना नावाचा कवी, कटातल्या सिन्नाशी नाव जुळतं म्हणून, मारला गेला आणि हे मात्र खरोखर घडलेलं आहे.

मार्कस फिलिपीच्या लढाईनंतर इ.स.पू. ४२ मध्ये मेला, नाटकात त्याला सगळ्यात थोर रोमन म्हणून निरोप मिळतो आणि तोही शत्रूच्या, अँटनीच्या, तोंडून. डेसिमस त्याच्या वर्षभर आधीच पळताना एका गॉल सरदाराच्या हाती लागला आणि अँटनीच्या हुकमाने मारला गेला. तिसऱ्या अंकानंतर तो स्टेजवर येत नाही, त्याचं नाव शेवटचं ऐकू येतं ते जाळपोळीला निघालेल्या जमावाच्या ओरडण्यात, काही जण डेसियसच्या घराकडे, काही कटातल्याच कास्काच्या.