एक शब्द आत, एक शब्द बाहेर : मुखपृष्ठावरच्या गर्दीची पार्श्वभूमी

जुलै २००८ मध्ये गूगलच्या मुखपृष्ठावर एक शब्द वाढवायचा होता, ‘प्रायव्हसी’. वापरणाऱ्यांच्या माहितीचं आपण काय करतो हे सांगणारी लिंक वेबसाइटवर ठळक दिसली पाहिजे, असा कॅलिफोर्नियाचा कायदा २००४ पासून लागू होता. गूगलचं ते धोरण मात्र आतल्या पानावर होतं. जूनमध्ये खासगीपणासाठी काम करणाऱ्या संघटनांनी कंपनीला पत्र लिहिलं आणि विषय पेटला. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन हे संस्थापक लिंक द्यायला तयार झाले, पण एका अटीवर. एक शब्द आत येणार असेल तर एक शब्द बाहेर गेला पाहिजे. तेव्हा त्या पानावर २८ शब्द होते आणि ते २८ च राहायला हवे होते. शेवटी तळाच्या स्वामित्वहक्काच्या ओळीतलं ‘गूगल’ हे नाव काढलं. वर एवढ्या मोठ्या रंगीत अक्षरांत तेच नाव होतं, मग खाली पुन्हा कशाला? त्या जागी ‘प्रायव्हसी’ आलं.

हे जाहीर केलं मरिसा मेयर यांनी. मुखपृष्ठाची जबाबदारी तेव्हा त्यांच्याकडे होती. त्यांनी आकड्यांची एक माळच दिली : १३, ३३, ५३, ६१, ३७, २८. वेगवेगळ्या वेळी त्या पानावर असलेल्या शब्दांची ही संख्या. या मोजणीमागे एक किस्सा आहे आणि तो त्यांनीच अनेकदा सांगितला आहे. कोणी एक वाचक कंपनीला अधूनमधून ईमेल पाठवायचा. त्यात मजकूर नसे, नुसता आकडा असे. हा काय प्रकार आहे हे कुणाच्या लक्षात येईना. बऱ्याच दिवसांनी उलगडा झाला की तो माणूस मुखपृष्ठावरचे शब्द मोजतो आहे. ६१ झाले तेव्हा त्याने पान जड होत चालल्याची तक्रारही केली. तेव्हापासून शब्दांची संख्या म्हणजे पानाचं वजन, हे माप कंपनीतही रुळलं.

एका लिंकसाठी एवढी घासाघीस का करावी लागली, हे कळायला १९९१ पर्यंत मागे जावं लागतं.

स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी उघडलेल्या पहिल्या वेबसाइटवर चित्र नव्हतं, रंग नव्हते, रकाने नव्हते. होती ती साधी वाक्यं आणि त्यांतल्या लिंका. तेव्हा ‘होमपेज’चा अर्थही निराळा होता. तुम्ही ब्राउझर सुरू केलात की जे पान आपोआप उघडतं ते तुमचं होमपेज, म्हणजे घर तुमचं. पुढे हाच शब्द वेबसाइटच्या पहिल्या पानाला चिकटला आणि घर तुमचं न राहता त्या संस्थेचं झालं. हा बदल मला फार मोठा वाटतो. आपल्या घरात आपण लागेल तेवढंच ठेवतो. संस्थेच्या दर्शनी दालनात मात्र माजी अध्यक्षांच्या तसबिरी येतात, ढाली येतात, सत्काराचे फोटो येतात.

मराठीत आपण या पानाला मुखपृष्ठ म्हणतो. शब्द पुस्तकाकडून आलेला आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव, लेखक, एखादं चित्र, बस. पण वेबसाइटवाल्यांनी डोळ्यांपुढे ठेवलं ते वर्तमानपत्राचं पहिलं पान, जिथे रकाना रिकामा सोडायचा नसतो. घडीच्या वरच्या अर्ध्या भागात महत्त्वाचं सगळं आलं पाहिजे हा दंडकही तिथूनच आला. पडद्याला घडी नसते, तरी ‘खाली कोण बघणार’ ही धास्ती वर्षानुवर्षं टिकली आणि सगळ्यांनी सगळं वर कोंबलं.

आधी चित्रं आली. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझेक ब्राउझरमुळे मजकुराच्या मधोमध चित्र दिसू लागलं. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या वेबसाइटवर जाहिरातींच्या पट्ट्या झळकल्या, आणि पहिल्या पानावरच्या प्रत्येक इंचाला भाव आला. लवकरच तक्ते काढायच्या सोयीचा उपयोग करून लोक पानाचे रकाने पाडू लागले. लुकलुकणारी अक्षरं नेटस्केप या ब्राउझरने दिली, सरकत जाणारी पट्टी मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने दिली. साधनं हातात होती, भावही होता. गर्दी व्हायला आणखी काय लागतं?

तरीही तंत्रामुळे गर्दी झाली असं म्हणणं अपुरं आहे. खरं कारण ‘पोर्टल’ नावाच्या कल्पनेत आहे. स्टॅनफर्डमधले जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये वेबसाइटांची एक विषयवार यादी करायला घेतली, ती म्हणजे याहू. यादीचं काम वाचकाला दुसरीकडे पाठवण्याचं. चोख यादी असली की माणूस आला, लिंक दाबली आणि गेला. पण जाहिरातीचं उत्पन्न तो किती वेळ थांबतो यावर होतं. त्यामुळे १९९८ च्या सुमारास याहू, एक्साइट, लायकॉस, इन्फोसीक या साऱ्यांनी एकच धोरण धरलं : आलेल्याला जाऊ द्यायचं नाही. मग ईमेल, हवामान, शेअरबाजार, राशिभविष्य, खेळ, गप्पा, खरेदी, सगळं पहिल्याच पानावर. लिंकांची भिंतच उभी राहिली.

यात सर्वांत हळहळ वाटते अल्टाव्हिस्टाबद्दल. डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या प्रयोगशाळेतून ते बाहेर आलं तेव्हा त्याच्याइतकं वेगवान शोधयंत्र दुसरं नव्हतं आणि पानही सुटसुटीत होतं. पुढे मालक बदलत गेले. १९९९ मध्ये नव्या मालकांनी त्याचंही पोर्टल केलं. लोक शोधायला येत होते आणि समोर बाजार मांडला जात होता. चूक उमगली तेव्हा २००० मध्ये त्याच कंपनीने ‘रेजिंग सर्च’ या नावाने नुसता शोधाचा चौकोन असलेलं वेगळं पान काढलं. तोवर माणसं निघून गेली होती.

गेली ती गूगलकडे. गूगलचं पान एवढं रिकामं का होतं, याचं उत्तर अगदी साधं आहे. मेयर यांनी ब्रिन यांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की आमच्याकडे पान बनवणारा माणूस नव्हता आणि मला एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, जमत नाही. सुरुवातीच्या एका चाचणीत विद्यार्थ्यांना ते पान दाखवलं, तर ते हात न लावता नुसते बसून राहिले. विचारल्यावर कळलं की बाकीचं पान यायची वाट बघताहेत. तेव्हाच्या वेबवर एवढं मोकळं पान कुणी पाहिलंच नव्हतं. म्हणून तळाची स्वामित्वहक्काची ओळ थोडी मोठी केली. कायद्याच्या गरजेपेक्षा तिचं काम पूर्णविरामाचं होतं : पान इथे संपलं, आता टाइप करा. २००८ मध्ये ज्या ओळीतून शब्द काढला ती हीच ओळ.

पण नुसत्या साधेपणावर ते पान टिकलं नसतं. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने शोधलेल्या शब्दांशी जुळणाऱ्या जाहिराती विकण्याची ॲडवर्ड्स ही योजना सुरू केली. जाहिराती दिसणार त्या निकालांच्या पानावर. पैसा दुसऱ्या पानावर येऊ लागला म्हणून पहिलं पान मोकळं ठेवणं परवडलं. ‘गूगलसारखं स्वच्छ पान करून द्या’ अशी मागणी करणारे ही बाजू पाहत नाहीत. ज्या वेबसाइटचं पोट पहिल्या पानावर आहे तिचं पान कितीही कुशल हातात गेलं तरी भरतच जातं. २८ शब्दांचा हिशेब ठेवणाऱ्या मेयर २०१२ मध्ये याहूच्या प्रमुख झाल्या. २०१३ च्या फेब्रुवारीत त्यांनी याहूचं नवं मुखपृष्ठ आणलं, त्यात खाली सरकवू तेवढ्या बातम्या येत राहत, पानाला तळच नव्हता. माणूस तोच होता, पण उत्पन्नाची जागा वेगळी होती.

दरम्यान, गर्दीने नुकसान होतं हे तपासूनही पाहिलं गेलं होतं. १९९८ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी हवी ती माहिती मोठ्या, रंगीत, उठून दिसणाऱ्या पट्टीत ठेवली आणि लोकांना ती शोधायला सांगितली. बऱ्याच जणांना ती दिसलीच नाही. पट्टी म्हणजे जाहिरात, हे डोळ्यांनी इतकं पक्कं करून टाकलं होतं की नजर तिला वगळून पुढे जाई. या प्रकाराला ‘बॅनर ब्लाइंडनेस’ हे नाव तेव्हा पडलं. आपल्याकडच्या वेबसाइटांवर ‘महत्त्वाची सूचना’ लाल चौकटीत लुकलुकताना दिसते तेव्हा मला हा प्रयोग आठवतो. जे सर्वांत जास्त दिसावं म्हणून केलेलं असतं, ते सर्वांत आधी वगळलं जातं.

त्यानंतरच्या दशकात स्लायडर आले. संस्थेतल्या पाच विभागांना पहिली जागा हवी, जागा एकच, मग पाचही जणांची चित्रं आळीपाळीने फिरू द्या. हा तोडगा बैठकीत सर्वांना पसंत पडतो, कारण कुणालाच नाही म्हणावं लागत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातून आपल्या मुखपृष्ठावरच्या अशा फिरत्या चित्रांची मोजणी प्रसिद्ध झाली. पाहुण्यांपैकी जेमतेम १ टक्का लोकांनी कुठल्या तरी चित्रावर क्लिक केलं होतं आणि त्यातल्याही बहुतेकांनी पहिल्याच चित्रावर. मागच्या विभागांना जागा मिळाली होती ती कागदोपत्रीच.

संस्थेच्या पातळीवर ठाम ‘नाही’ म्हणण्याचं ठळक उदाहरण ब्रिटनचं. तिथल्या सरकारची डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक ही दोन मोठी पोर्टलं बंद करून १७ ऑक्टोबर २०१२ रोजी गव्ह.यूके ही वेबसाइट सुरू झाली. ती बनवणाऱ्या चमूने आपली तत्त्वं जाहीर केली होती. पहिलं, सुरुवात वापरणाऱ्याच्या गरजेपासून. दुसरं, कमी करा, म्हणजे जे फक्त सरकारच करू शकतं तेवढंच सरकारने करायचं. मुखपृष्ठावर शोधाचा चौकोन, विषयांची यादी आणि लोक खरोखर जे शोधतात त्याच्या लिंका. मंत्र्यांची छायाचित्रं, खात्यांच्या फुशारक्या यांना तिथे थारा नव्हता. अक्षरंही ‘न्यू ट्रान्सपोर्ट’ या घडणीची, आणि तिचं मूळ जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाट्यांसाठी केलेल्या अक्षरांत. धावत्या गाडीतून क्षणात वाचता यावी म्हणून घडवलेली अक्षरं सरकारी पानावर आणण्यामागचा विचार मला मनापासून आवडतो. २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने वर्षातलं सर्वोत्तम डिझाइन म्हणून याच वेबसाइटची निवड केली.

आपल्याकडेही नियम नाहीत असं नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ मध्ये सरकारी वेबसाइटांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. या सूचना ज्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांवर (अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या) आधारलेल्या आहेत त्यांत २००८ पासून एक स्पष्ट अट आहे : इतर मजकुरासोबत आपोआप हलणारी गोष्ट ५ सेकंदांपेक्षा जास्त चालत असेल तर ती थांबवण्याची सोय वाचकाला दिलीच पाहिजे. ज्यांना हळू वाचता येतं, ज्यांचं लक्ष सरकत्या अक्षरांमुळे उडतं, त्यांच्यासाठी ही अट आहे. एवढी एक अट पाळली तरी कितीतरी सरकारी पानांवरच्या चालत्या पट्ट्या जागच्या जागी उभ्या राहतील, आणि सातबारा किंवा जातीचा दाखला शोधणाऱ्याला तो सापडेल.

मोबाइलने मात्र कुणाचीही परवानगी न घेता जागा काढून घेतली. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी एकच पान लहानमोठ्या पडद्यांप्रमाणे आपली मांडणी बदलेल अशी पद्धत मांडली आणि ती जगभर रुजली. तीन रकान्यांचा एक रकाना झाला. मग प्रश्न आला की वर कोण आणि खाली कोण? शेजारी-शेजारी बसवून टाळलेला निर्णय आता घ्यावाच लागला. पुष्कळांनी तरीही तो टाळला आणि सगळा मेनू तीन आडव्या रेघांच्या खुणेमागे लपवला. ती खूण झेरॉक्सच्या १९८१ च्या ‘स्टार’ संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी काढलेली. लपवलेला मेनू उघडणारे लोक कमी असतात हे पुढे चाचण्यांत दिसलं. माळ्यावर टाकलं म्हणजे घर आवरलं असं होत नाही, सामान तेवढंच राहतं.

मराठी पानांची अडचण यापेक्षा थोडी निराळी आहे. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संगणकीय प्रमाणात देवनागरी १९९१ पासून होती, पण ती घरोघरच्या संगणकांवर नीट दिसायला विंडोज २००० आणि एक्सपीपर्यंतचा काळ गेला. तोवर मराठी वेबसाइटा स्वतःचे फॉन्ट उतरवून घ्यायला सांगत किंवा मथळ्यांची चित्रं करून लावत. त्यामुळे ‘आधी फॉन्ट घ्या’ ही सूचनाच पानावर सर्वांत वर असे. आता तो प्रश्न सुटला आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेल्या ‘मुक्त’सारखे चांगले फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतात. तरीही मांडणी इंग्रजीच्या मापाने आखली जाते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांना जागा लागते आणि खाली उकारांना. इंग्रजीसाठी ठरवलेलं दोन ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर टेकतो, आणि मोजके शब्द असलेलं पानही दाटलेलं दिसतं. अशा पानावरून काही काढण्याआधी ओळी सैल कराव्या लागतात. मेनूतही तेच. ‘अबाउट’च्या जागी ‘संस्थेविषयी माहिती’ लिहिलं की बटण दोन ओळींचं होतं. ‘ओळख’ एवढं पुरतं.