‘शेअर कर ना’ : मित्रांनी मित्रांना पुस्तकं-सिनेमे सुचवण्याची पार्श्वभूमी

वाचकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक वाद ठरावीक काळाने परत उभा राहतो. कुणीतरी लिहितं, ‘हे पुस्तक कालच संपवलं, जरूर वाचा.’ पाच मिनिटांत उत्तर येतं, ‘शेअर कर ना.’ मागणाऱ्याला फाईल हवी असते. सुचवणारा गप्प बसतो किंवा ‘विकत घ्या, फार महाग नाही’ असं लिहितो, आणि मग दोन दिवस गट पेटलेला असतो. मैत्रीतला एक साधा, आपुलकीचा व्यवहार इतका अवघड कसा झाला, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. पुस्तक दुसऱ्याला द्यावं की नाही, ही धास्ती मात्र जुनीच आहे. हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहीत : ‘तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्। मूर्खहस्ते न दातव्यम् एवं वदति पुस्तकम्॥’ तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पोथी स्वतःच सांगते. छापील पुस्तकं आली, शहरोशहरी वाचनालयं निघाली, तो इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १९०९ साली पहिला दिवाळी अंक निघाला. पुढे अंक वाढत गेले तशी शेजाऱ्यापाजाऱ्यांत अंक फिरवण्याची रीत पडली. चार-पाच घरांनी वेगवेगळे अंक घ्यायचे आणि आठवड्या-आठवड्याने बदलायचे. कोणत्या अंकातली कोणती कथा आधी वाचायची, हे अंक देतानाच सांगितलं जाई.

या काळातली एक गोष्ट पुढच्या वादासाठी महत्त्वाची आहे. ‘हे वाच’ म्हणणाऱ्याच्या हातात बहुधा ते पुस्तक असायचंच. सुचवणं आणि देणं या दोन क्रिया वेगळ्या नव्हत्या. प्रत एकच, म्हणून ती आधी कुणाला द्यायची हे ठरवावं लागे, आणि त्या निवडीतच मैत्री दिसे. पहिल्या पानावर नाव, वर खाकी कव्हर, कुणी काय नेलं याची नोंद वहीच्या मागच्या पानावर. पुस्तक परत यायचं तेव्हा सोबत मतही यायचं. ‘आवडलं नाही’ असं तोंडावर सांगणं भाग पडे, कारण पुस्तक हातात द्यायला माणूस स्वतः आलेला असे.

सिनेमाचं तसं नव्हतं. तो उसना देता येत नव्हता. मित्राने सांगायचं आणि चित्रपट थिएटरमधून उतरायच्या आत आपण गाठायचा. गणपतीत रस्त्यावर पडदा बांधून सिनेमा दाखवत, पण तिथे निवड मंडळाची. मित्रांनी निवडून, मिळून पाहण्याची सोय खऱ्या अर्थाने फिल्म सोसायट्यांनी केली. १९५९ साली देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ झाला, १९६४ साली पुण्यात चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं आणि पुढच्या दशकात मुंबई-पुण्यात सोसायट्यांना बरे दिवस आले. १६ एमएमच्या प्रिंट, सभासदांपुरता खेळ, आणि खेळ संपल्यावर जिन्यात रेंगाळणारी चर्चा. सभासद थोडे होते, पण त्यांच्या तोंडून नावं दूरवर जात.

सर्वांत मोठा बदल १९८२ नंतर झाला. आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आलं आणि पाठोपाठ व्हिडिओचं वेड पसरलं. व्हीसीआर विकत घेणं फार थोड्यांना परवडत होतं, पण तो भाड्याने मिळे. शनिवारी वर्गणी काढायची, टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, तीन कॅसेट घ्यायच्या आणि पहाटेपर्यंत पाहायच्या. तीन तासांच्या कॅसेटमध्ये एक हिंदी सिनेमा नीट बसे. कोणत्या तीन, यावर आधी आठवडाभर खल चाले. कॅसेट लायब्ररीवाला हा गल्लीतला सर्वांत जाणकार सल्लागार झाला. ‘प्रिंट कशी आहे?’ हा प्रश्न ‘सिनेमा कसा आहे?’च्या आधी विचारला जाऊ लागला, आणि हे मला त्या काळातलं सर्वांत बोलकं वाक्य वाटतं. सिनेमाची पहिल्यांदा ‘प्रत’ झाली होती. ती हातात धरता येत होती, मित्राला देता येत होती, आणि दोन व्हीसीआर जोडले की तिची दुसरी प्रतही काढता येत होती.

कायद्याला जाग आली ती इथे. १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन व्हिडिओ फिल्मही ‘चित्रपट’ या व्याख्येत घेतली गेली आणि शिक्षा वाढवली गेली. त्याने गल्लीतल्या लायब्रऱ्या बंद पडल्या नाहीत. त्या पडल्या पुढे केबल आणि व्हीसीडीमुळे. त्यानंतर हॉस्टेलांत हार्ड डिस्क आली आणि भाषाच बदलली. ‘हा सिनेमा बघ’ म्हणणारा मित्र आता ‘डिस्क घेऊन ये, भरून देतो’ म्हणू लागला. दोनशे सिनेमे एका दुपारी हाती येत. त्यांतला आधी कोणता पाहायचा, हे सांगणारं कुणी उरलं नाही.

आता तो शब्द. ‘शेअर’ मराठीत नवा नाही. शेअर बाजारातला शेअर म्हणजे हिस्सा, आणि शेअर रिक्षा म्हणजे एकाच रिक्षाचं भाडं तिघांनी वाटून घेणं. दोन्हीकडे वस्तू एकच राहते आणि तिचे वाटे होतात. फोनवरचा ‘शेअर’ याच्या नेमका उलट आहे. पाठवणाऱ्याकडचं काहीच कमी होत नाही, समोर मात्र एक नवी प्रत तयार होते. जुन्या अर्थाची सवय असलेल्या वाचकाला वाटतं, मी तर फक्त वाटून घेतो आहे, जसं काका दिवाळी अंक वाटायचे. त्याचा हेतू खोटा नसतो. मराठीत यासाठी पूर्वी तीन वेगळे शब्द होते : सुचवणं, उसनं देणं आणि नक्कल काढणं. ‘शेअर’ने तिघांना एकाच पिशवीत घातलं आणि गोंधळ तिथून सुरू झाला.

कायदा या तिघांत स्पष्ट भेद करतो. नाव सुचवण्यावर कसलंच बंधन नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ नुसार पुस्तकाची एकदा विकली गेलेली प्रत ‘चलनात आलेली’ मानली जाते, म्हणून ती मित्राला देणं, रद्दीवाल्याला विकणं, वाचनालयाने फिरवणं, सगळं चालतं. नवी प्रत काढून लोकांना पाठवण्याचा हक्क मात्र लेखकाकडे किंवा त्याने ज्याला दिला त्याच्याकडेच राहतो. सिनेमाचा नियम याहून कडक होता : विकत घेतलेली कॅसेटही परवानगीशिवाय भाड्याने देता येत नव्हती. २०१२ च्या दुरुस्तीत तिथे ‘व्यावसायिक भाडे’ असे शब्द आले आणि नफा न कमावणारी ग्रंथालयं व शिक्षणसंस्था त्यातून वगळल्या गेल्या.

गटांतल्या वादात दोन बचाव हमखास येतात. पहिला, ‘मी पैसे घेतले नाहीत.’ पण प्रत फुकट पाठवली म्हणून ती परवानगीची होत नाही. दुसरा, ‘दिल्लीच्या कोर्टाने झेरॉक्सला परवानगी दिली आहे.’ हा निकाल २०१६ चा. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतल्या उताऱ्यांचे संच झेरॉक्स करून देण्याबाबतचा तो खटला होता आणि शिक्षणासाठी कायद्यात असलेल्या अपवादावर तो उभा होता. कादंबरी गटावर टाकणाऱ्याला त्याचा आधार घेता येत नाही. जिथे मोकळीक आहे, ती वेगळीच आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटली की साहित्य सर्वांचं होतं. ही मुदत आधी ५० वर्षांची होती, १९९२ साली वाढवली गेली. म्हणजे १९५० साली वारलेल्या लेखकाची पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहेत आणि ती खुशाल पाठवावीत. या मोकळ्या साहित्याची यादी गटांवर का फिरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या वादाला धार आली २०२० मध्ये. मार्चअखेर टाळेबंदी लागली, दुकानं आणि वाचनालयं बंद झाली, टपाल-कुरियर अडलं. वाचायला काहीतरी हवं ही भूक खरी होती. त्याच आठवड्यांत मराठी पुस्तकांच्या पीडीएफचे गठ्ठेच्या गठ्ठे फिरू लागले. त्यांत हयात लेखकांची, दुकानात सहज मिळणारी पुस्तकंही होती. प्रकाशकांनी हरकत घेतली, तेव्हा ‘आपत्तीच्या काळात कसला धंदा बघता’ असं त्यांना सुनावलं गेलं. हे बोलणं अन्यायाचं होतं. मराठीत आवृत्ती बहुधा हजार प्रतींची, अनेकदा पाचशेचीच. तेव्हा व्हॉट्सॲप गटाची मर्यादा २५६ जणांची होती. एका गटावर एकदा टाकलेली फाईल म्हणजे पाचशेच्या आवृत्तीची निम्मी संख्या. त्या एप्रिलमध्ये खूप फिरलेले संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतील, असं बंधन ॲपने घातलं, पण ते अफवांसाठी होतं. राज्यातली वाचनालयं उघडायला १५ ऑक्टोबर उजाडला. योगायोगाने तो वाचन प्रेरणा दिन होता.

त्या उन्हाळ्यात काही गटांनी स्वतःचे नियम केले, आणि या साऱ्या घडामोडीत मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. नाव, मुखपृष्ठ, का आवडलं याच्या दोन ओळी चालतील, फाईल टाकणाऱ्याला एकदा समज आणि दुसऱ्यांदा बाहेर. काही जण त्यावरून गट सोडून गेले. जे राहिले त्यांना मात्र पुस्तकाबद्दल पुन्हा लिहावं लागलं, कारण आता देण्यासारखं तेवढंच होतं.

सिनेमाच्या बाजूला दरवाजा वेगळ्या पद्धतीने बंद झाला. ओटीटीवर प्रत हातात येतच नाही, म्हणून मित्र पासवर्ड देऊ लागले. २० जुलै २०२३ पासून एका मोठ्या कंपनीने भारतात घराबाहेरच्यांना पासवर्ड देणं थांबवलं. त्याच वर्षी सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन थिएटरात चोरून चित्रण करण्यासाठी तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठरला. तोंडी शिफारस मात्र जिथे माणसं जमतात तिथे तशीच जोरात आहे. गोव्यात २००४ पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात पणजीच्या रांगेत उभं राहून ऐका : ‘सकाळचा पाहिलास का? दुपारचा सोड, त्याऐवजी हा पाहा.’

पुस्तकांच्या बाजूला प्रत हातोहात फिरवण्याची जुनी रीतही नव्या रूपात परत आली आहे. २००९ साली नाशिकहून सुरू झालेल्या एका उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांमध्ये फिरतात. त्या दुबईच्या मराठी घरांपर्यंत पोहोचल्या. पुस्तक भिशीही बऱ्याच गावांत चालते. काही गटांवर आता सुचवण्याचा ठरलेला साचाच आहे : पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, दोन ओळी. आणि शेवटी, ज्याला शक्य आहे तो लिहितो, ‘माझ्याकडे प्रत आहे, घरी येऊन न्यावी.’