दिनांक-स्वरूपण, युरोपीय भाषांतील (सांख्यिकीय सॉफ्टवेअर)

सांख्यिकीय सॉफ्टवेअरमध्ये दिनांक हा एका ठरावीक आरंभबिंदूपासून मोजलेला आकडा म्हणून साठवतात. हा आकडा वाचकाच्या भाषेतील वार, महिना, क्रम आणि विरामचिन्हांसह दाखवणे म्हणजे दिनांक-स्वरूपण. साठवलेल्या आकड्याला भाषा नसते; भाषा येते ती फक्त दाखवताना आणि मजकुरातून दिनांक वाचून घेताना.

आरंभबिंदू : सॅस आणि स्टाटा या प्रणाली १ जानेवारी १९६० हा शून्य दिवस धरतात, तर आर १ जानेवारी १९७० हा. दोहोंत ३,६५३ दिवसांचे अंतर पडते. एका प्रणालीतील आकडे नुसतेच दुसरीत उतरवले, तर सर्व नोंदी दहा वर्षांनी सरकतात आणि तरीही दिनांक म्हणून वैधच दिसतात. एसपीएसएस दिवसांऐवजी सेकंद मोजते, तेही १४ ऑक्टोबर १५८२ च्या आरंभापासून. ग्रेगोरियन कालगणना १५ ऑक्टोबर १५८२ रोजी सुरू झाली आणि रोममध्ये त्याच्या आदल्या दिवशी ४ ऑक्टोबर होता. म्हणजे ज्या दिवसावर हे शून्य ठेवले आहे, तो तेथे उजाडलाच नाही. कालगणनेच्या पहिल्या दिवसाला क्रमांक १ मिळावा, एवढाच हेतू त्यामागे असावा.

१५८२ हे वर्ष मुळात इटली, स्पेन, पोर्तुगाल, पोलंड अशा काही देशांपुरतेच खरे आहे. ब्रिटनने नवी गणना १७५२ मध्ये स्वीकारली, रशियाने १९१८ मध्ये, ग्रीसने १९२३ मध्ये. स्वीडनचे प्रकरण सर्वांत चमत्कारिक. तेथे १७०० चा लीप दिवस वगळून हळूहळू नव्या गणनेकडे जाण्याचा बेत होता. तो फसल्यावर जुन्या गणनेत परतण्यासाठी १७१२ च्या फेब्रुवारीला एक जादा दिवस जोडला गेला आणि त्या वर्षी ३० फेब्रुवारी हा दिनांक अधिकृतपणे आला. (नवी गणना तेथे अखेर १७५३ मध्ये लागू झाली.) सॉफ्टवेअर ग्रेगोरियन नियम सरसकट लावत असल्याने या दिनांकाच्या जागी गहाळ मूल्य येते. जुन्या चर्च-नोंदींवर काम करताना मूळ मजकूर वेगळ्या स्तंभात जपून ठेवणे म्हणूनच अधिक सुरक्षित.

महिन्यांची नावे : ‘बारा नावांची एक यादी’ ही सुरुवातीच्या प्रणालींतील कल्पना इंग्रजीला पुरते, पण पोलिश, चेक, रशियन यांसारख्या भाषांत दिवसाच्या आकड्यानंतर महिन्याचे नाव षष्ठी विभक्तीत येते. पोलिशमध्ये जानेवारी एकटा असेल तर ‘स्तिचेन’, पण १ जानेवारी म्हणताना ‘स्तिचन्या’. फिनिशमध्येही ‘ताम्मिकू’चे ‘ताम्मिकूता’ होते. आलेखाच्या अक्षावर पहिले रूप हवे, तक्त्यातील पूर्ण दिनांकात दुसरे. लिनक्सवरील ‘जीलिबसी’ या ग्रंथालयाने (इतर प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार आज्ञावलींच्या संचाने) दोन रूपांची सोय २.२७ या आवृत्तीत (२०१८) केली. आर दिनांक लिहिताना सहसा यंत्रावरील अशाच ग्रंथालयावर विसंबून असल्याने एकच आज्ञावली दोन यंत्रांवर दोन रूपे छापू शकते. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषाकोशात ही रूपे आधीपासून वेगळी नोंदलेली आहेत. त्यावर आधारलेली साधने, उदाहरणार्थ आरमधील ‘स्ट्रिंगी’, या कामी अधिक भरवशाची ठरतात.

संक्षेपांतही अडचण आहे. फ्रेंचमधील जून व जुलै यांच्या नावांची पहिली तीन रोमन अक्षरे एकच असल्याने नाव तीन अक्षरांवर तोडून चालत नाही. ‘लिस्तोपाद’ हा महिना चेक व पोलिशमध्ये नोव्हेंबर, तर क्रोएशियनमध्ये ऑक्टोबर. भाषा न सांगता वाचलेली फाइल येथे निमूटपणे महिनाभराची चूक करते. फ्रेंचमध्ये केवळ पहिल्या तारखेला क्रमवाचक रूप लागते, जर्मनमध्ये दिवसाच्या प्रत्येक आकड्यानंतर बिंदू येतो, हंगेरियनमध्ये वर्ष आधी येते. जर्मन भाषकांतही ऑस्ट्रियात जानेवारीला ‘येनर’ म्हणतात, त्यामुळे भाषेबरोबर देशही सांगावा लागतो.

भाषा ठरवण्याच्या पद्धती : सॅसमध्ये ‘ईयूआर’ या अक्षरांनी सुरू होणारी स्वरूपे असून त्यांची भाषा ‘डीएफलँग’ या पर्यायाने ठरते. ‘ईयूआर’च्या जागी ‘डीईयू’ (जर्मन), ‘एफआरए’ (फ्रेंच) किंवा ‘ईएसपी’ (स्पॅनिश) लिहिल्यास भाषा स्वरूपातच बांधली जाते आणि एकाच तक्त्यात दोन स्तंभ दोन भाषांत छापता येतात. नंतर आलेली ‘एनएलडेट’ ही स्वरूपे ‘लोकेल’ (भाषा व देश यांची एकत्रित निवड) पाहून शब्दक्रमही बदलतात. आरमध्ये दिनांकाची भाषा ठरवणारी ‘एलसी-टाइम’ ही मांडणी चालू सत्राला सरसकट लागू होते. हवी ती भाषा यंत्रावर नसेल तर सूचना देऊन आधीचीच भाषा कायम राहते, आणि लांबलचक आज्ञावलीत ती सूचना सहज नजरेआड होते. ‘रीडआर’ हे पॅकेज नावांच्या याद्या स्वतःजवळ बाळगते, पण फक्त वाचनासाठी.

दोन अंकी वर्षे : यांचा अर्थही प्रणालीगणिक बदलतो. आर सहसा ६९ ते ९९ विसाव्या शतकात व ०० ते ६८ एकविसाव्या शतकात टाकते, सॅसच्या ९.४ आवृत्तीत, अशी वर्षे ज्या शंभर वर्षांत बसवली जातात ती खिडकी १९२६ पासून सुरू होते, त्याआधी ती १९२० पासून होती. आयएसओ ८६०१ (१९८८) या मानकातील वर्ष-महिना-दिवस हा क्रम साठवणीसाठी व देवाणघेवाणीसाठी रूढ होत गेला आहे. त्याच मानकानुसार आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातील पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला. त्यामुळे १ जानेवारी २०२१ हा दिवस २०२० च्या ५३ व्या आठवड्यात मोजला जातो.