शिकाऊ मजुरी, मॉरिशसमधील

मॉरिशस बेटावर गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर मुक्त गुलामांना पूर्वीच्याच मालकांकडे मुदतीने बांधून ठेवणारी सक्तीची श्रमपद्धती. ब्रिटिश संसदेच्या १८३३ च्या कायद्याचा अंमल कॅरिबियन वसाहतींत १ ऑगस्ट १८३४ पासून, तर मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ पासून सुरू झाला. मुक्तीचे वर्ष कोठे १८३४, कोठे १८३५, तर कोठे १८३९ असे आढळते, ते यामुळेच. यांतील शेवटचे वर्ष शिकाऊ मजुरी संपल्याचे आहे.

‘शिकाऊ’ ही संज्ञा कायद्यातील ‘अप्रेंटिस’ या शब्दावरून रूढ झाली. कसब शिकविण्याशी तिचा फारसा संबंध नव्हता. ऊसमळ्यात जन्म काढलेल्यास ऊसतोडणी शिकविण्यासारखे उरलेही नव्हते. शेतमजुरांसाठी कमाल सहा व इतरांसाठी चार वर्षांची मुदत कायद्यात होती. शेतमजुराने आठवड्यास ४५ तासांपर्यंत बिनमजुरी राबायचे आणि मालकाने अन्न, वस्त्र, निवारा पुरवायचा, अशी व्यवस्था होती. फटक्यांची शिक्षा देण्याचा अधिकार मालकाकडून काढून विशेष दंडाधिकाऱ्यांकडे देण्यात आला. उरलेल्या श्रमाच्या मूल्यांकनाची रक्कम भरून मजुरास मुदतीपूर्वी सुटता येत असे. मालकांना सु. ६६,००० गुलामांपोटी २१ लाख पौंडांवर भरपाई मिळाली. गुलामांना काहीही मिळाले नाही.

३१ मार्च १८३९ रोजी पद्धत संपली आणि बहुतेकांनी ऊसमळे सोडले. त्याच्या कारणांविषयी मतभेद आहेत. शेतीकामाचा तिटकारा हे कारण मळेवाल्यांनी पुढे केले व ते दीर्घकाळ गृहीत धरले गेले. दुसऱ्या मतानुसार, १८३४ पासून येणाऱ्या भारतीय करारबद्ध मजुरांमुळे मळेवाल्यांना चांगली मजुरी देण्याची निकड उरली नाही. शिवाय अनेकांनी बचतीतून जमिनीचे लहान तुकडे विकत घेतले. नोटरींच्या दप्तरातील खरेदीखते पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. जमिनीच्या या तुकडेविक्रीस ‘पेती मोर्सेलमाँ’ म्हणतात.

पुढे भाजीपाला पिकविणे, कोंबड्या व डुकरे पाळणे, मासेमारी, लाकूडतोड, सुतारकाम आणि पोर्ट लुई बंदरातील हमाली ही उपजीविकेची साधने होती. मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूर ऊसमळ्यांवर आले, ते या रिकाम्या झालेल्या जागी.

मुक्त गुलामांचे वंशज आज प्रामुख्याने क्रिओल समाजात गणले जातात. गुलामगिरी व करारबद्ध मजुरीच्या परिणामांच्या चौकशीसाठी मॉरिशसमध्ये २००९ मध्ये नेमलेल्या सत्य व न्याय आयोगाच्या २०११ च्या अहवालात पूर्वजांच्या जमिनी हातच्या गेल्याच्या तक्रारींना मोठी जागा मिळाली आहे.