कोंबडीच्या पोटातलं जातं

गावठी कोंबडी कापली की पेठा साफ करायचं काम आम्हा पोरांकडे यायचं. मधोमध चीर द्यायची आणि आतली पिवळी चिवट कातडी सोलून काढायची. आत जोंधळ्याचा भरडा निघायचा, बारीक खडे निघायचे. एकदा तर हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला, कडा घासून अगदी गुळगुळीत झालेला. कोंबडीला दात नसतात. दळण्याचं काम हा पेठा करतो आणि गिळलेले खडे हे त्याच्या जात्याचे दगड.

परसात विषारी तण माजलं की आपण धसका घेतो तो पानांचा. पण मोकळी फिरणारी, पोट भरलेली कोंबडी धोतऱ्याच्या किंवा घाणेरीच्या पानांना सहसा चोच लावत नाही. तिच्या तोंडात चवीच्या कळ्या काही शेच असतात, तरी कडू तिला कळतं. (तिखट मात्र कळत नाही. मिरचीचं बी ती खुशाल टिपते.) घोटाळा होतो बियांपाशी. बी दिसतं दाण्यासारखं, आणि टिपलं की थेट जात्यात जातं.

गुंजेचंच बघा. माणसानं अख्खी गिळली तर कठीण सालीमुळे ती पुष्कळदा तशीच बाहेर पडते. फुटली तर आतलं अब्रिन नावाचं विष पेशींमधलं प्रथिनं बनवायचं कामच बंद पाडतं. एरंडातलं रायसिन त्याच जातकुळीचं. एरंड सोसण्यात कोंबडी घोड्यापेक्षा कितीतरी चिवट आहे, पण म्हणून एरंडाच्या बिया तिच्यासमोर पडू द्याव्यात असं नाही.

मला खरी धास्ती वाटते ती कासविंद्याची. तो टाकळ्याचा भाऊबंद, त्यामुळे कुणाला संशयच येत नाही. टाकळ्याच्या पानात पानोळ्यांच्या तीन जोड्या, टोकाशी गोलसर. कासविंद्याच्या चार-पाच जोड्या, टोकदार. याचं बी स्नायूंच्या पेशींवर घाव घालतं. कोंबडी मलूल होते, हगवण लागते, पाय लुळे पडतात आणि ती बसूनच राहते. शेतातलं कासविंद्याचं बी सोयाबीन-ज्वारीत मिसळून खाद्यातही येतं, म्हणून चाळलेले दाणे एकदा नजरेखालून घालावेत.

गाजरगवताची गोष्ट वेगळी. १९५५-५६च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण कोंबडीपेक्षा उपटणाऱ्यालाच जास्त छळतं. हातमोजे न घालता उपटलं तर अंगावर खाज सुटते, पुरळ उठतं. एकेक झाड दहा हजारांवर बिया टाकतं, म्हणजे फुलल्यावर उपटण्यात निम्मी लढाई हरल्यासारखीच.

वेळ साधायची ती इथेच. पावसानं माती मऊ असते तेव्हा, फुलं यायच्या आत, मुळासकट उपटावं. उपटलेला ढीग खुराड्याजवळ टाकू नये. कोमेजलेल्या पाल्यातलं विष गेलेलं नसतं.

तणनाशकाचा मोह मी तरी टाळतो. फवारलेल्या जागेतले किडे, गांडुळं, डबक्यातलं पाणी, सगळं कोंबडीच्या पोटात जातं, आणि तिची अंडी आपण खातो. पॅराक्वाट या तणनाशकावर तर उतारा नाही, माणसालाही नाही. २,४-डीची तऱ्हा आणखी विचित्र: ते फवारल्यावर काही विषारी तणं जनावरांना उलट जास्त रुचू लागतात.

‘घरगुती’ म्हणून मिठाचं पाणी ओतणाऱ्यांनीही थांबावं. कोंबडीला, त्यातही पिलांना, जास्तीचं मीठ सोसत नाही. फरशीच्या फटींतल्या तणावर उकळतं पाणी ओतलं तरी पुरतं, फक्त कोंबड्या लांब ठेवून.

आणि शेंगा आधीच तडकल्या असतील तर? तो कोपरा निदान यंदापुरता जाळीनं बंद करावा. कणी तिथं कधीच फेकू नये. झाडलेल्या अंगणात नाहीतर पसरट भांड्यात घालावी. मातीत कणी फेकली की कोंबडी तिच्या शेजारचं प्रत्येक बीही टिपून बघते.