लोकरीचे हातमोजे घातलेला खेकडा

हॅम्बुर्गला असणाऱ्या मावसभावाने परवा एल्ब नदीच्या काठावरून फोटो पाठवला. तळहाताएवढा हिरवट खेकडा आणि दोन्ही डेंग्यांवर तपकिरी दाट केस, कुणीतरी लोकरीचे हातमोजे चढवल्यासारखे. खाली प्रश्न, "याचा रस्सा होतो का रे?" रश्श्याकडे येतोच, पण त्याआधी हा प्राणी काय चीज आहे ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

हा मूळचा चीनचा, शास्त्रीय नाव एरिओकायर सायनेन्सिस. शरद ऋतू आला की शांघायकडचे लोक याच्यासाठी वेडे होतात. दोरीने बांधून वाफवायचा आणि आलं घातलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून खायचा, बस. चांद्र वर्षाच्या नवव्या महिन्यात मादी आणि दहाव्यात नर खावा असं तिकडचं गणित. सुचौजवळच्या यांगचंग तलावातला सगळ्यात भारी समजतात, मग आपल्याकडे देवगडच्या पेटीत भलताच आंबा निघतो तसं तिकडेही होतं, म्हणजे दुसरीकडचे खेकडे काही दिवस त्या तलावात सोडतात आणि यांगचंगचे म्हणून विकतात. चिनी लोक त्यांना 'आंघोळ केलेले खेकडे' म्हणतात. एवढ्याशा आंघोळीने चवीत काय फरक पडणार, पण भाव मिळतो.

आता माझा आवडता भाग. हा खेकडा वाढतो गोड्या पाण्यात पण अंडी घालायला खाडीच्या खाऱ्या पाण्यात जावं लागतं, आणि हे दिसतं तितकं सोपं नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, नदीत जवळजवळ नाहीच. नदीत बसलेल्या या खेकड्याचं रक्त मात्र समुद्राच्या निम्म्याहून जास्त खारट. म्हणजे शाळेतला तो मनुका फुगण्याचा प्रयोग आठवा, बाहेरचं पाणी सतत आत घुसायला बघतं आणि आतलं मीठ बाहेर निसटायला बघतं. आपली मूत्रपिंडं मीठ वाचवून पातळ लघवी करू शकतात, याला ते जमत नाही, याची लघवी रक्ताइतकीच खारट, त्यामुळे प्रत्येक थेंबाबरोबर मीठ वाया. मग हा दोन गोष्टी करतो. एक, अंगातून पाणी आत येऊच देत नाही फारसं, म्हणून लघवीही कमी. दुसरी म्हणजे कल्ले. पुढचे कल्ले मुख्यतः श्वासासाठी, मागचे मिठाचे पंप. मागच्या कल्ल्यांच्या पेशींत कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून एक एन्झाइम प्रोटॉन आणि बायकार्बोनेट बनवतं, प्रोटॉन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून बाहेर ढकलले जातात, त्या जोरावर बायकार्बोनेट बाहेर देऊन क्लोराइड आत ओढला जातो, आणि पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला वेगळाच पंप सोडियम रक्तात ढकलत असतो. डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा की श्वासातून वाया जाणारा वायू वापरून हा नळाच्या पाण्यासारख्या नदीतून मीठ वेचतो.

आणि नदीत जगू देणारा हाच पंप त्याच्या चवीचं आणि उपद्रवाचंही मूळ आहे. शरदात खेकडे समुद्राकडे निघतात, शेकडो किलोमीटर, परतीचं तिकीट नाही. त्या प्रवासासाठी आणि अंड्यांसाठी साठवलेली चरबी नि बीजं म्हणजेच खेकड्याच्या आतला तो चविष्ट पिवळा भाग, ज्याला आपण लाख म्हणतो. मादी अडीच लाख ते दहा लाख अंडी देते आणि पुढे मरते. आपल्याकडे खेकडीची पिल्लं आईचं पोट फाडून तिला खातात असं अजून सांगतात, ते खोटं. सह्याद्रीतल्या खेकडीची पिल्लं अंड्यातून थेट छोटे खेकडे म्हणूनच निघतात, पोटाखालच्या झाकणात काही दिवस राहतात आणि निघून जातात, समुद्राची गरजच नाही. चिनी खेकड्याची पिल्लं मात्र डोळ्याला जेमतेम दिसतील अशी, पाण्यात तरंगणारी. जहाजाचा तोल राखायला बंदरात भरून घेतात त्या पाण्यातून ती युरोपात पोचली असं मानतात. 1912 मध्ये जर्मनीच्या आलर नदीत पहिला सापडला, 1935 ला थेम्समध्ये, 1992 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत.

तिथे ते जाळी फाडतात, आमिष पळवतात आणि नदीच्या काठात बिळं करून माती ढासळवतात. 2019 ला तिवरे धरण खेकड्यांनी फोडलं असं विधान झालं तेव्हा सगळा महाराष्ट्र हसला होता, ते हसणं रास्तच, पण या जातीबद्दल जर्मन लोक हसत नाहीत. गंमत म्हणजे खुद्द चीनमध्ये यांगत्से नदीला जोडलेल्या तलावांना पाणी अडवणारी दारं बसवली तेव्हा यांच्या वाटा बंद झाल्या आणि नैसर्गिक संख्या घसरली, आज बाजारात येतात ते बहुतेक पाळलेले, वर्षाला सात लाख टनांच्या वर. युरोपात नकोसा आणि घरी तळ्यात वाढवावा लागतो.

"मग खाऊन संपवा की" हा सल्ला इंटरनेटवर फार सापडतो. एका मादीची अंडी वर लिहिलीत, गणित तुम्हीच करा. शिवाय युरोपियन युनियनने 2016 ला याला घातक परक्या जातींच्या यादीत घातलंय, जिवंत बाळगणं, विकणं, नेणं बंद. आणि कच्चा किंवा दारूत मुरवलेला खाल्ला तर त्यातून फुप्फुसाचा कृमी होऊ शकतो, चीनमध्ये ही भीती खरीच आहे.

भावाला म्हटलं, नीट शिजवलास तर रस्सा होईल. पण नेदरलँड्सने 2011 मध्ये काही नद्यांत हा पकडायलाच बंदी घातली, कारण त्यात डायॉक्सिन हे विषारी रसायन सापडलं, आणि डायॉक्सिन साठतं चरबीत, म्हणजे नेमकं त्या पिवळ्या भागात ज्यासाठी शांघायवाले रांग लावतात. त्यावर त्याचा मेसेज आला, "मग फक्त नांग्या खाऊ?" मी अजून उत्तर दिलेलं नाही, हातमोजे काढल्यावर आत किती मांस उरतं ते तूच बघ असं लिहिणार आहे.